बैल, खिडकी, लिंबू, छत्रीमार्गे साबण

"लक्ष द्या. ज्येष्ठ नागरिकांच्या तब्येतीची गाडी थोड्याच वेळात गल्ली क्रमांक दोनला लागत आहे. ज्यांची आंघोळ व्हायची आहे त्यांनी ती उरकून घ्यावी. उशीर करणाऱ्यांसाठी गाडी थांबणार नाही."

यवतमाळच्या त्या लेआउटात, म्हणजे वसाहतीत, मी ऑटोतून उतरत होते आणि मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावरून हे चाललं होतं. गाडी म्हणजे मी, हे कळायला मला जरा वेळ लागला.

माझं काम तसं साधं होतं. शहरातली साठीपुढची माणसं कशी राहतात, काय खातात, किती चालतात, झोप लागते का, डोकं ठिकाणावर आहे का, हे घरोघरी जाऊन विचारायचं आणि टॅबमध्ये भरायचं. कंत्राटी काम. कंत्राट संपलं की टॅब जमा आणि आम्हीही घरी जमा. तोवर उन्हातान्हात फिरायचं आणि परक्या बुढ्यांना विचारायचं, "काका, मागच्या महिन्यात तुम्हाला उदास वाटलं का?" ते म्हणायचे, "तू आली तवापासून वाटून राह्यलं." असल्या उत्तराला टॅबमध्ये रकाना नव्हता.

घोषणा संपवून भोंग्यामागचा माणूस पायऱ्या उतरून आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी! सत्तरीच्या पुढचा माणूस! मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाला, "लेट झाल्या तुमी." मी म्हटलं, "काका, मी तर कोणाला वेळच दिली नव्हती." तर म्हणे, "तुमी नसन देली. मी देली ना."

हा माणूस जन्मभर एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारणारा कंट्रोलर होता. राळेगाव झालं, वणी झालं, कळंब झालं, आणि शेवटी यवतमाळ. त्याचं नाव लेआउटात कोणी घेत नसे. कंट्रोलर म्हटलं की झालं. निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, पण ते बहुधा त्याला कोणी कळवलं नव्हतं. त्याच्या हिशोबी सगळं जग तीनच प्रकारचं होतं. माणूस हिंडताफिरता असला की "वेळेवर". अंथरुणाला खिळला की "डेपोत". आणि मेला की "सुटला". कोपऱ्यावरच्या घरातले एक आजोबा मी यायच्या जरा आधीच वारले होते. त्यांच्याबद्दल तर याचा चक्क राग होता. "माणसानं जरासा दम धरावा का नाई? सर्व्हे तोंडावर आला आन् हे सुटले! आपला एक चांगला चालता माणूस कमी झाला."

हे "आपला" काय प्रकरण आहे ते मला दुसऱ्या दिवशी उमगलं. शहरात भिंतीभिंतींवर रंगवलेलं होतं, आपलं शहर पहिल्या नंबरावर आणू या. ओला कचरा, सुका कचरा, घंटागाडी वगैरे. कंट्रोलरनं त्यावरून आपला अर्थ लावला होता. "कचऱ्याचा सर्व्हे झाला," तो म्हणाला, "आता आमचा लागला." म्हणजे ही लेआउटा-लेआउटातली स्पर्धा आहे, आणि ज्या लेआउटातले म्हातारे जास्त ठणठणीत निघतील त्याचा नंबर पहिला, हे त्यानं गृहीत धरलं होतं. मी परोपरीनं समजावलं की बाबा, नंबर-बिंबर काही नाही. त्यानं मान डोलावली, आणि संध्याकाळी भोंग्यावरून सांगितलं की बाईंना नंबराबद्दल बोलायची वरून मनाई आहे, तरी कोणी त्यांना त्रास देऊ नये. आता काय कपाळ बडवायचं?

मग सुरू झाली तयारी. लग्नाच्या पोरीला दाखवावं तसे म्हातारे मला दाखवले जाऊ लागले. मी शिरले की बुढा नवीन बनियन-लुंगीत खुर्चीवर ताठ बसलेला. सून पदर सावरून मागे उभी. प्रश्न बुढ्याला विचारावा, उत्तर सुनेनं द्यावं. "बाबा सक्काळी फिरायला जातात ना, लय दूर जातात." बाबा तिच्याकडे पाहत. आपण एवढे दूर जातो हे त्यांनाही नवीनच होतं.

"आठवड्यातून किती वेळा फळं खाता?" हा माझा एक प्रश्न होता. प्रत्येक घरी टेबलावर सफरचंदांची बशी. मला कौतुक वाटलं, म्हटलं, वा रे लेआउट! तिसऱ्या घरात माझं लक्ष गेलं, वरच्या सफरचंदाला देठापाशी काळा डाग. चौथ्या घरातही तोच डाग. पाचव्या घरी बशी मागच्या दारानं आत येताना मी डोळ्यांनी पाहिली. कंट्रोलरनं बशीलाही वेळापत्रक लावून दिलं होतं. त्या सफरचंदांना कोणी दात लावला नाही. सर्व्हे संपेस्तोवर ती बिचारी घरोघर फिरून सुकली.

पण खरी कमाल पुढेच आहे. आमच्या टॅबमध्ये आठवणशक्तीची एक परीक्षा असते. पाच शब्द वाचून दाखवायचे, समोरच्यानं ते लगेच म्हणायचे, आणि थोड्या वेळानं पुन्हा म्हणायचे. शब्द होते बैल, खिडकी, लिंबू, छत्री, साबण. पहिल्या दिवशी पहिलं घर बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांचं होतं. हे काका कंट्रोलरच्या शेजारीच राहायचे. त्यांना तीन शब्द जमले, बाकीचे दोन जाता जाता माझ्याकडूनच गोड बोलून काढून घेतले. मला वाटलं, विसरले म्हणून बिचाऱ्यांना चुटपुट लागली असेल. कसली चुटपुट अन् कसलं काय! पेपर फोडला होता त्यांनी.

दुसऱ्या दिवशी एका घराची कडी वाजवली. आजीबाईंनी दार उघडलं आणि मी नमस्कार म्हणायच्या आत म्हणाल्या, "बैल, खिडकी, लिंबू, छत्रीमार्गे साबण. ये वं माय, बस."

मार्गे! कंट्रोलरनं त्या पाच शब्दांची गाडी केली होती. रोज सकाळी देवळाच्या कट्ट्यावर सगळ्या बुढ्या-बुढींना बसवून तो घोकून घ्यायचा. शिट्टी वाजली की एका सुरात, "बैलवरून सुटणारी, खिडकी, लिंबू, छत्रीमार्गे साबणला जाणारी गाडी!" जो चुकला त्याला पुन्हा. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही अशी माणसं फाडफाड बोलू लागली. माझ्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या भागाचा डेटा एकदम छान येऊन राहिला!" साहेबांनी उभ्या जन्मात म्हातारं माणूस फक्त टॅबमध्ये पाहिलेलं. मी म्हटलं, हो सर, इथली हवाच चांगली आहे.

उदासीच्या प्रश्नावर तर त्यानं सरळ फतवाच काढला होता. कोणीही उदास व्हायचं नाही. मी त्याला म्हटलं, "काका, अहो इथं निम्म्या घरांत नुसते बुढा-बुढी राहतात. पोरं पुण्याला, बंगलोरला. दिवाळीला येतात, मोबाइल चार्जिंगला लावतात आणि जातात. यांना खरंच उदास वाटत असेल तर सांगू द्या ना!"

तो म्हणाला, "सांगून काय होते? तुमी थांबान का त्याईच्यापाशी?"

मला राग आला. तसा तो माणूस राग यावा असाच होता.

आता त्याच्या डब्याबद्दल सांगते. रोज दहाच्या सुमाराला कंट्रोलर हातात डबा घेऊन फाटकातून बाहेर पडायचा. घरात वळून ओरडायचा, "येतो वं, ड्युटीवर चाललो!" समोर देऊळ. रस्ता ओलांडला की झाली ड्युटी. दिवसभर कट्ट्यावर बसायचं, दुपारी तिथंच डबा खायचा आणि पाच वाजले की परत. सारा लेआउट हसायचा. बँकवाले काका मला म्हणाले होते, "बाई, पेन्शन घेऊन ड्युटी करनारा हा एकच मानूस हाय पुऱ्या यवतमाळात." मीही हसले. म्हटलं, घरी बायको उभी करत नसेल.

त्याची बायको, काकू, मला व्हरांड्यात दिसायची. गोरीपान, ठेंगणी, मांडीवर सूप. निवडलेले तांदूळच पुन्हा पुन्हा निवडत असायची. मी जवळून गेले की विचारायची, "कोनाची वं तू?" मी सांगायचे. परत येताना पुन्हा, "कोनाची वं तू?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. लेआउटातली सगळी घरं होत आली होती, पण स्वतःच्या घराची पाळी कंट्रोलर काही लावत नव्हता. विचारलं की म्हणायचा, "आमचं शेवटच्या गाडीले."

एके दुपारी ऊन जास्त झालं म्हणून मी कट्ट्यावर टेकले. त्यानं डबा उघडला होता. डब्यात दोन पोळ्या आणि नुसतं मीठ. भाजीच्या खणात कोरडे तांदूळ. मी पाहिलं हे त्यानं पाहिलं.

"कधी कधी भाजी टाकाची राह्यते तिची," तो म्हणाला आणि मिठाशी पोळी खाऊ लागला.

"काका, घरी जाऊन जेवा ना."

"घरी राह्यलो तं तिले वाटते मले नौकरीतून काढलं. मंग रडते. डबा घेऊन निंगालो का बरी राह्यते." बोलताना त्याचं लक्ष समोरच्या फाटकावर होतं. तेव्हा कळलं, कट्ट्याच्या त्याच कोपऱ्यात तो का बसतो. तिथून फाटक सरळ दिसत होतं.

मग त्यानंच सगळं सांगितलं. मागे एकदा ती डबा घेऊन एकटीच निघाली आणि थेट स्टँडवर जाऊन बसली. याचा डबा राहिला म्हणून द्यायला. सगळा गाव शोधत होता आणि ही बाई राळेगावच्या गाड्या लागतात त्या फलाटावर बसून वाट पाहत होती. ते मुलाला कळलं. मुलगा नागपूरला इंजिनीयर, स्वभावानं वाईट नाही. त्यानं तिथं एक जागा पाहून ठेवली. म्हणाला, अशा विसरभोळ्या बायकांनाच ठेवतात, बाग आहे, नर्स आहे. आईला तिथं ठेवू, तुम्ही इथं राहा, बाबा, तुमच्यानं आता हे होत नाही.

"मी म्हनलं, थांब रे. सर्व्हेवाली बाई येऊन राह्यली. तिच्यापाशी मशीन हाय. मशीननं सांगतलं का तुह्या मायचं डोकं खराब हाय, तं घेऊन जा. पास झाली तं नाव काढाचं नाई. तो म्हने, ठीक हाय. ऐतवारी येऊन राह्यला."

मी हादरलेच. "अहो काका, हे मशीन असं काही सांगत नाही! ही नुसती माहिती असते. हे डॉक्टरचं काम आहे."

"डॉक्टर खरं सांगते," तो म्हणाला. "म्हनून तं तुमच्या मशीनवर ठेवलं."

म्हणजे ती शिट्टी, तो नंबर, ती फिरती सफरचंदं हा त्याचा खुळेपणा खराच होता, तो खोटा म्हणणार नाही मी. पण ते पाच शब्द त्यानं एकीसाठी लावले होते. बाकी लेआउट कोरसला. एकटीला शिकवलं असतं तर ती कंटाळली असती, घाबरली असती. सगळ्यांसोबत म्हणायचं म्हटल्यावर ती भजनासारखी म्हणायला लागली. बैलवरून सुटणारी, खिडकी, लिंबू...

मी काय करणार होते? मनात म्हटलं, म्हणू दे म्हातारीला पाच शब्द. देशाचा काय डेटा बुडतो!

रविवारी सकाळी गेले. मुलगा गाडीनं येऊन बसला होता. डोळे तांबारलेले, रात्री झोप नसावी. बँकवाले काका बाहेरून खिडकीशी उभे. त्यांना कोण त्यांच्या घरात थांबवणार? काकूंना नवं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं होतं, आणि टेबलावर ती सुकलेली सफरचंदं. कंट्रोलर बायकोच्या मागं उभा. शिट्टी गळ्यात नव्हती. पहिल्यांदा त्याला तसा पाहिला.

सुरुवातीचे प्रश्न निभले. मग मी आठवणीची परीक्षा उघडली. पडद्यावर दुसरेच शब्द होते. साहेबांना अखेर संशय आला होता! इतके दिवस झोपलेल्या माणसाला नेमकी शनिवारी रात्री जाग यावी, आणि त्यानं शब्द बदलून ठेवावेत. टॅब असा की शब्द वाचल्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि वाचलेलं सगळं रेकॉर्ड होतं. मुलगा तर माझ्या खांद्याशीच बसलेला, पडदा त्याला दिसत होता. मी कंट्रोलरकडं पाहिलं. त्याला काही कळेना.

"काकू, मी पाच शब्द म्हणते, तुम्ही मागून म्हणा. नदी. चप्पल. मीठ. पतंग. घंटा."

"हे सिलॅबसच्या बाहेरचं हाय!" बँकवाले काका खिडकीतून ओरडले.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मग वळून नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं होतं, पण तिला ते कळलं नसावं. ती सरसावून बसली आणि देवळात म्हणायची तसं खणखणीत म्हणाली, "बैलवरून सुटणारी, खिडकी, लिंबू, छत्रीमार्गे साबणला जाणारी गाडी!"

एक शब्द चुकला नाही. एकही बरोबर नव्हता.

काकूंचं हसू हळूहळू मावळलं. "चुकलं का वं माहं?" त्यांनी मला विचारलं.

"नाई," कंट्रोलर म्हणाला. "तुहं बराबर हाय. बाईचं मशीन खराब हाय."

मुलानं तोंडावरून हात फिरवला. "बाबा," तो हळूच म्हणाला, "ठरलं होतं ना आपलं? मलाही काही हौस नाही. पण उद्या ती पुन्हा निघून गेली तर? तुम्ही कुठं कुठं शोधाल?"

कंट्रोलर पुढं आला. खुर्ची ओढली आणि बायकोच्या शेजारी बसला. "बाई," मला म्हणाला, "माहं राह्यलं ना अजून? मीही साठीच्या पुढचाच हाय."

हा माणूस कसा होता ते सांगायला हवं. कोणत्या साली वणीहून सकाळची पहिली गाडी कोणत्या फलाटावरून सुटायची, ड्रायव्हर कोण, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. लेआउटातल्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर त्याला तोंडपाठ. आठवणशक्तीचा एवढा माज असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "विसरनं हे आळशी मानसाचं काम हाय," असं मला तोंडावर म्हणाला होता.

मी नियमाप्रमाणं पुन्हा वाचलं. नदी. चप्पल. मीठ. पतंग. घंटा.

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती मान खाली घालून लुगड्याचा काठ चोळत होती. तो खाकरला आणि भोंग्यावरचा तो आवाज लावून म्हणाला, "बैलवरून सुटणारी, खिडकी, लिंबू, छत्रीमार्गे साबणला जाणारी गाडी."

काकूंनी झटकन मान वर केली. चेहरा फुलला. "हेच तं मी म्हनलं!"

"बाबा!" मुलगा उभाच राहिला. "तुम्ही मुद्दाम करून राहिले!"

"काहून? जे आठोलं ते सांगतलं." माझ्याकडं वळून म्हणाला, "शून्य लिवा, बाई. दोघायलेही." मग मुलाला म्हणाला, "मशीन म्हनन ते मान्य, मी पलटत नाई. माहंही डोकं गेलं. आता तुह्या त्या जागी जोडसीट असन तं बुक कर. एकटी सीट आमाले नोको."

मुलगा नुसता बघत राहिला. एकदा आईकडं, एकदा बापाकडं. मग आत गेला. आतून भांड्यांचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं तो चहा घेऊन बाहेर आला. पहिला कप त्यानं आईला दिला, बशीत ओतून, फुंकर घालून. कंट्रोलरला म्हणाला, "दिवसभराची एक बाई पाहतो मी इथंच. निदान ती तरी ठेवून घ्याल का?"

"पाहू," कंट्रोलर म्हणाला. "टायमावर येनारी पाह्यजे."

मी चहा संपवला आणि निघाले. कंट्रोलर फाटकापर्यंत सोडायला आला. त्यानं मागं वळून पाहिलं, मुलगा ऐकत नाही याची खात्री करून घेतली, आणि ताठ उभा राहून हलक्या आवाजात म्हणाला,

"लक्ष द्या. नदीवरून सुटणारी, चप्पल, मीठ, पतंगमार्गे घंटाला जाणारी गाडी काही कारणास्तव रद्द करण्यात आली आहे."

आतून काकूंची हाक आली, "अवो, डबा राह्यला ना तुमचा!"

"आलो वं," म्हणत तो डबा घ्यायला आत गेला. मी दोघांचं शून्य तसंच पाठवून दिलं.